पिशवीतले पाच टब

अगं ऐक ना, आधी नुसतं ऐक, प्रश्न नंतर विचार. आपली मिझुहो आहे ना, मारुगेनवाली, बंदराच्या मागे फुगू, तो टम्म फुगणारा विषारी मासा, साफ करून देतात ते दुकान, पुढे आठ खुर्च्या टाकलेलं? तिने काय केलं माहितेय? आयुष्यातल्या पहिल्याच लिलावात एकाऐवजी पाच टब उचलले. पाच! जिवंत! एकेका टबात पाच-पाच वाघफुगू, म्हणजे पंचवीस मासे, आणि खुर्च्या किती, तर आठ. त्यातल्या एकीचा पाय हलतो.

पण तिची चूक नव्हती गं. म्हणजे होती. थांब, असं नको, पहिल्यापासून सांगते.

तिच्या गेन्जिरो आजोबांचा उजवा हात मोडला तिथून सुरुवात झाली. कसा मोडला? गेटबॉल, तो कमानीतून चेंडू मारायचा म्हाताऱ्यांचा खेळ, तो खेळताना. चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर, यावरून पंचाशी भांडले, आणि "निकाल बदलत नाही तोवर उठणार नाही" म्हणून मैदानातच फतकल मारून बसायला गेले. खाली लोखंडी कमान होती. हात गेला कमानीवर, आजोबा गेले हॉस्पिटलात, आणि निकाल होता तिथेच राहिला.

आता उजवा हात प्लॅस्टरमध्ये म्हणजे लिलाव बंद. पिशवीत डावा हात घालत नाहीत. का घालत नाहीत हे शिमोनोसेकीत कुणालाच ठाऊक नाही, पण नाही घालत. पिशवी तू लांबून पाहिलीच आहेस, काळी, कोपरापर्यंतची. पण आत काय चालतं ते तुला नाही ठाऊक आणि मलाही नव्हतं. लिलाववाला हातात ती बाहीसारखी पिशवी चढवतो, तोंडाने "बरंय का, बरंय का" करत फिरतो, आणि घेणाऱ्याने पिशवीच्या तोंडातून हात घालून आत त्याची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच, आणि पुढच्या आकड्यांना अंगठ्याची काहीतरी वळवावळव. आधी भाव सांगायचा, मग किती टब हवेत ते. मन बदललं तर पकड बदलायची. शेवटची पकड खरी. भाव कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. ज्याचा सगळ्यात जास्त, त्याचं नाव आणि टब तेवढे लिलाववाला ओरडतो. एकदा ओरडला की संपलं. मागे फिरणं नाही.

तर आजोबा म्हणाले, "आता दुकानाचा लिलावात बोली लावायचा परवाना मी बाजाराला परत करतो. उरलेलं आयुष्य दलालाकडून मासे घेऊ."

मिझुहोचं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षांची आहे ती, फुगू कापायची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली. विष कुठे असतं, ते कसं सोडवायचं, सगळं हाताला पाठ. पण बाजारात जायचं ते आजोबांनी. बोली लावणाऱ्याची नंबरवाली टोपी घालायची ती आजोबांनी. सहा वर्षं ती मागतेय आणि सहा वर्षं ते म्हणताहेत, "तुझा हात अजून कच्चा आहे."

"माझा हात कच्चा? तुमचा तर मोडलाय!"

"मोडलेला असला तरी पिकलेला आहे."

शेवटी आजी मध्ये पडली. म्हणाली, "एक सकाळ द्या तिला. एक चांगला टब रास्त भावात आणला तर टोपी तिची. नाही आणला तर द्या परवाना परत, आणि मग दोघंही घरात बसा माझं डोकं खायला."

झालं. ठरलं. एक सकाळ, एक टब, एक टोपी.

मग तीन दिवस जेवणाच्या टेबलावर शिकवणी. आजोबांनी डाव्या हातावर आजीचा लोकरी मोजा चढवला, पायातला, लांब, कुत्र्यांची चित्रं असलेला. मिझुहोने त्यात हात घालायचा आणि भाव बोलायचा. "नऊ म्हण. हे नऊ नव्हे, ही गुदगुली झाली. परत." असं रात्रीच्या भातापासून चहापर्यंत. आणि प्रत्येक वेळी सगळं झालं की आजोबा म्हणायचे, "आता शेवटी एकदा पंजा दाबायचा. घट्ट. आणि मग हात काढायचा."

"हे कशाचं?"

"कशाचं म्हणजे? तसंच करतात."

"सगळे करतात?"

"मी अडतीस वर्षं करतोय. सगळ्यांचं मला काय ठाऊक? मी काय दुसऱ्यांच्या पिशवीत डोकावतो?"

आता बघ, पिशवी म्हटल्यावर दुसऱ्याचं कुणालाच दिसत नाही. शिकवणारा एकच, आणि त्याला एकच हात ठाऊक, स्वतःचा. मिझुहोने तेही पाठ केलं. भाव, टब, दाब, बाहेर. भाव, टब, दाब, बाहेर. झोपेत उशी दाबायची म्हणे.

तर त्या दिवशी पहाटे तीनला ती बाजारात हजर. आजोबांची टोपी तिला एवढी मोठी, की आत टॉवेल कोंबावा लागला. नखं कापलेली, अंगठी काढलेली, आणि हात गरम राहावा म्हणून मशीनमधली गरम कॉफीची डबी खिशात, हात डबीवर. "थंड हाताने बोटं धरलीस तर लिलाववाला दचकतो," आजोबांचा सल्ला. डबी इतकी गरम होती की तिचा तळवा उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला. पण सोडली नाही.

आणि नेमका त्या दिवशी माल कमी. दोन दिवस वारं सुटलेलं, अर्ध्या होड्या बाहेरच पडल्या नव्हत्या. समुद्रात पकडलेल्या फुगूंचे बारा टब फक्त. घेणारे पंधरा जण. सगळे पुरुष, मिझुहो आणि आणखी एक बाई सोडून. ती बाई म्हणजे तातेइशी काकू, टेकडीवरच्या सरायवाल्या, ज्यांचा आवाज खाडीपलीकडच्या मोजी गावाला ऐकू जातो.

"अगंबाई! गेन्जिरोची टोपी एकटीच चालत आली की काय? खाली कुणी आहे का?"

"मी आहे काकू."

"तू होय! म्हाताऱ्याचा हात कसाय? पंचाने माफी मागितली का?"

"नाही."

"मग अजून एखादं हाड मोडतील ते."

सगळे हसले. मिझुहोही हसली. तेवढ्यात शिगेमात्सु-सान आले.

तू शिगेमात्सु-सानांना पाहिलंयस का कधी? लिलाववाले. अडतीस वर्षं पिशवी चढवताहेत. चेहरा असा, की त्यांच्या लग्नाच्या फोटोत ते कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे दिसतात, असं त्यांची बायकोच सांगते. त्यांनी पिशवी चढवली, पहिल्या ओळीपाशी उभे राहिले, आणि सुरू. "बरंय का, बरंय का, बरंय काऽऽ!" एकेक हात पिशवीत जातोय, बाहेर येतोय. टबातले फुगू चिडून टम्म फुगलेले, पोटं वर करून तरंगताहेत, जणू साठ टकल्यांची आंघोळ चाललीय.

सगळ्यांत शेवटी मिझुहोची पाळी आली. हात आत. भाव, किलोला अकरा हजार येन, व्यवस्थित. टब, एक बोट, व्यवस्थित. मग दाब. घट्ट. आजोबांनी सांगितल्यासारखा.

शिगेमात्सु-सान थांबले.

म्हणजे पाव क्षण थांबले, पण ते कधीच थांबत नाहीत ना, म्हणून जाणवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि फक्त तिच्यासाठी, लांबवून विचारलं, "बऽऽरंय काऽऽ?"

आता मला सांग, म्हाताऱ्या माणसाने आपल्याकडे बघून इतक्या मायेने विचारलं तर आपण काय करू? तिला वाटलं, दाब कमी पडला. आजोबा म्हणालेच होते, घट्ट. तिने दुसऱ्यांदा पंजा दाबला, इतका जोरात की पिशवीतून हाडं वाजली. वर मान हलवून गोड हसली.

"मारुगेन!" शिगेमात्सु-सान ओरडले. "पाच टब!"

चौदा माना एकदम तिच्याकडे वळल्या.

मिझुहोच्या डोळ्यांपुढे काजवे. पहिला विचार आला, दुसरं कुणी मारुगेन आहे का इथे? नव्हतं. मग तोंड उघडलं, "चुकलं" म्हणायला. पण "चुकलं" म्हटलं की टोपी गेली, परवाना गेला, आणि पुढची पन्नास वर्षं बाजार सांगत बसणार की गेन्जिरोच्या नातीला एक आणि पाच कळत नव्हतं. तिने तोंड मिटलं. आणि काहीतरी करायला हवं म्हणून खिशातली कॉफी काढली, फोडली, आणि अशी सावकाश प्यायली, जणू रोजच पाच घेते.

तेच नडलं. म्हणजे तेच कामाला आलं. कारण तातेइशी काकूंनी ते पाहिलं.

"पाच घेतले आणि कॉफी पितेय," काकू शेजारच्याला कुजबुजल्या, म्हणजे त्यांच्या मानाने कुजबुजल्या, पार बर्फाच्या गोदामापर्यंत ऐकू गेलं. "गेन्जिरो अडतीस वर्षांत एकाच्या वर गेला नाही. म्हाताऱ्याला काहीतरी कळलंय."

"काय कळलंय?"

"मला काय माहीत! वारं अजून आठवडाभर राहणार असेल. नाहीतर कुणी बडी असामी येणार असेल गावात."

"सुमोचे पैलवान येणार आहेत असं कालच कुणीतरी म्हणत होतं."

"झालं तर मग!"

कोण म्हणत होतं, कुठे म्हणत होतं, काही नाही. पण पाच मिनिटांत पैलवानांचा आकडा चाळीसवर गेला आणि उरलेल्या सात टबांवर चौदा जण असे तुटून पडले, की पिशवीत एका वेळी तीन-तीन हात. शिगेमात्सु-सान म्हणाले, "एकेक या, माझा एकच हात आहे." अडतीस वर्षांतला त्यांचा हा पहिला विनोद, आणि तोही विनोद नव्हता.

लिलाव संपला. काकूंना एकही टब मिळाला नाही. सरायीत तीस पाहुणे, रात्रीचं जेवण फुगूचं. त्या थेट मिझुहोच्या अंगावर चालून आल्या.

"दोन टब दे."

"घ्या ना काकू!" मिझुहो इतकी खूश झाली की आवाज चिरकला. "मला पडले त्याच भावात घ्या. अकरा हजार."

काकू मागे सरकल्या. टबात वाकून बघितलं. एका फुगूला बोटाने ढोसलं. तो आणखी फुगला.

"त्याच भावात? का? काय झालंय यांना?"

"काही नाही झालं!"

"काही नाही झालं तर पडल्या भावात कोण देतं? तुझ्या आजोबाने आयुष्यात मला कोथिंबीर फुकट दिली नाही. खरं सांग, आजारी आहेत ना?"

"नाही हो काकू, चांगले आहेत!"

"मग तू आजारी आहेस."

आता घे. खरं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना. शेवटी तिने घसा खाकरला आणि आजोबांसारखा ओठ वाकडा करून म्हणाली, "बरं. अकरा आठशे. घ्यायचे तर घ्या, मागे लोक उभे आहेत."

मागे कुणी नव्हतं. पण काकूंचा जीव भांड्यात पडला. "हां! आता कसं गेन्जिरोची नात बोलली!" दोन टब गेले. ते बघून आणखी दोघे धावत आले आणि एकेक घेऊन गेले. राहिला एक टब. पहिल्यापासून हवा होता तेवढाच.

मिझुहो त्याच्या कडेवर मटकन बसली. तेव्हा शिगेमात्सु-सान आले, पिशवीची घडी घालत.

"पोरी, तो शेवटचा दाब कुणी शिकवला?"

"आजोबांनी. तसंच करतात ना?"

"कुणी नाही करत तसं," शिगेमात्सु-सान म्हणाले. "पंजा दाबला म्हणजे पाच. तुझा आजोबा सोडून."

मग त्यांनी जे सांगितलं ना. अडतीस वर्षांपूर्वी त्यांचा पिशवीतला पहिला दिवस होता. हात लटलटा कापत होता. कोण काय बोली लावतंय, काही कळेना. त्यात गेन्जिरोंनी बोली लावली आणि हात काढायच्या आधी त्यांचा पंजा एकदा घट्ट दाबला. घाबरू नकोस, अशा अर्थाने. हात कापायचा थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबला. मग रोजच. एक शब्द कधी बोलले नाहीत त्यावर दोघं. बोलणार कसे, भर बाजारात? हळूहळू आजोबा विसरूनच गेले की हे आपण सुरू केलं, त्यांना वाटायला लागलं की हीच रीत आहे. आणि शिगेमात्सु-सान रोज तो दाब हिशेबातून वगळायचे.

"मग माझा का नाही वगळलात?" मिझुहोला रडूच आलं.

"नवा हात. नव्या हाताचं मी मनाने कसं ठरवणार? म्हणून तर मुद्दाम परत विचारलं. तू माझी बोटं मोडलीस." त्यांनी बोटं चोळली. "नियम म्हणजे नियम. उद्या दाबलंस तर उद्याही पाच." जाता जाता वळले. "पण म्हाताऱ्याला सांगू नकोस. कळलं तर सोडून देईल दाबायचं. आणि प्लॅस्टर निघालं की परत येईल ना तो कधीतरी."

आता तू बघ तिची अवस्था. टब एक आणला, भाव रास्त, उलट वर चार पैसे. पण बातमी तिच्या आधी घरी पोचलेली. चार जणांचे फोन येऊन गेले होते. आजोबा दारातच बसलेले, प्लॅस्टर मांडीवर, जसं काही ते प्लॅस्टर तिला मारायलाच ठेवलंय.

"पाच घेतलेस म्हणे."

"चार विकले."

"ते नाही विचारलं. कुठले सुमो पैलवान? तातेइशी मला फोनवर विचारते, चाळीस येणार की पन्नास! हुशारी होती की चूक होती, एवढंच सांग."

हुशारी म्हटलं तर टोपी तिची, पण खोटी. चूक तुमची म्हटलं तर अडतीस वर्षांचं सगळं उघडं पडणार. आजी चहा घेऊन मध्येच उभी. मिझुहोने टोपी काढली, टॉवेलसकट त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "चूक. माझी. माझी बोटं चुकली."

आजोबांनी टोपी डाव्या हाताने बाजूला सारली. मग आजीला म्हणाले, "मोजा आण."

"आत्ता?"

"आण म्हणतो ना! कुठे चुकली ते बघू दे."

आला कुत्र्यांचा मोजा. मिझुहोने हात घातला. भाव, बरोबर. टब, एक, बरोबर. आणि सकाळचं सगळं डोळ्यांपुढे असल्यामुळे, न दाबताच हात काढला.

"बघ!" आजोबा इतक्या जोरात ओरडले की चहा सांडला. "बघ, शेवटी दाबायला विसरलीस! म्हणूनच घोटाळा झाला! कितीदा सांगितलं, दाबल्याशिवाय हात काढायचा नाही!" आणि कसे खूश झाले, विचारू नकोस. नातीची चूक सापडली आणि ती त्यांनाच दुरुस्त करता येणार होती. "टोपी घाल. खरं बोललीस म्हणून आणखी एक सकाळ. उद्या मी शेजारी उभा राहतो. तू दाबतेस की नाही, तुझ्या कोपरावरून कळतं मला."

मेली ना ती! दाबलं तर पाच. नाही दाबलं तर टोपी गेली. रात्रभर उशीलाही हात लावला नाही म्हणे तिने.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं उभे. आजोबा गळ्यातल्या झोळीत हात अडकवून, नजर तिच्या कोपरावर. शिगेमात्सु-सान आले. आजोबांना बघून त्यांचा चेहरा, म्हणजे बदलला नाही, पण बदलायच्या बेतात आला. "बरंय का, बरंय का." मिझुहोचा हात आत. भाव. टब, एक. आणि मग डोळे मिटून तिने दाबलं. होऊ दे काय व्हायचं ते.

आतून कुणीतरी उलट दाबलं. हळूच. एकदाच.

"मारुगेन!" शिगेमात्सु-सान ओरडले. "एक टब!"

"बघितलंस?" आजोबा म्हणाले. "रीतीने केलं की सगळं नीट होतं."

तर टोपी झाली मिझुहोची. आता रोज जाते, रोज दाबते, रोज एक टब येतो. सगळं छान. पण काल रात्री माझ्याकडे आली, तोंड एवढंसं करून. या रविवारी बंदरप्रमुखांच्या मुलीचं लग्न आहे, सगळे फुगू मारुगेनकडून. तिला लागणार आहेत पाच टब. खरे पाच. आणि आता तिने पंजा कितीही वेळा दाबला तरी तो एकच धरला जाणार! शिगेमात्सु-सानांना आधी जाऊन सांगावं तर पुढच्या बोलीबद्दल लिलाववाल्याशी आधी बोलायचं नाही हा नियम, आणि आजोबांना विचारावं तर अडतीस वर्षांचं गुपित फुटतं.

रविवार परवावर आलाय गं. तू काय केलं असतंस?